आठशे किलोमीटरची शिक्षा

"पाय गुडघ्याखाली कापावा लागेल," डॉक्टर म्हणाले. सुबोध डाबरेने एकच विचारलं, "सप्टेंबरपर्यंत चालता येईल ना? आठशे किलोमीटर?"

डॉक्टरांनी क्षमाकडे पाहिलं. सुबोधची बायको याच हॉस्पिटलात नर्स होती. उत्तर तिलाही माहीत होतं.

सुबोध मूळचा वसईचा ख्रिस्ती. सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत त्याची वीस वर्षं गेली होती. सहा वर्षांपूर्वी पुण्यात शिकणारा त्यांचा एकुलता एक मुलगा, प्रसाद, बाईकवरून पडला आणि जागच्या जागी गेला. ती बाईक सुबोधनेच घेऊन दिली होती, क्षमा नको नको म्हणत असताना. त्यानंतर क्षमाने नवऱ्याला एकदाही बोल लावला नाही. ती भांडली असती, रडून ओरडली असती, तर त्याला सोसलं असतं. तिचं ते गप्प राहणं मात्र रोज टोचायचं.

मग कधीतरी स्पेनमधल्या आठशे किलोमीटरच्या पायी यात्रेवरचं एक पुस्तक त्याच्या हाती लागलं. संत याकोबाच्या कबरीपर्यंत लोक हजार वर्षं चालत जातायत. पाठपिशवीला शिंपला बांधतात. घरून आणलेला दगड वाटेतल्या लोखंडी क्रुसाच्या पायथ्याशी ठेवून पुढे निघतात. आणि जुन्या काळी न्यायाधीश काही गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी या वाटेवर धाडत. तिथे सुबोधने पुस्तक मिटलं. त्याला शिक्षा द्यायला कुणी तयार नव्हतं. ती त्याला आता सापडली होती.

दोन वर्षं तो रोज पहाटे पाठीवर दहा किलोचं ओझं घेऊन समुद्रकाठी चालला. कुणी विचारलं तर "शुगर वाढलीय" म्हणायचा. ते खोटंही नव्हतं. नव्या बुटांनी टाचेला फोड आला, पण शुगरने पाय इतका बधिर झालेला की दुखलंच नाही. फोड चिघळला, मग काळा पडला. तो लंगडतोय हे क्षमाच्या लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता.

ऑपरेशननंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायचं. चौथ्या दिवशी बदरुद्दीन भेटायला आला. तो चिपळूणचा, सुबोधच्याच शिफ्टमधला. यात्रेचं घराबाहेर फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"सुबोधभाऊ, आमच्यात हज-ए-बदल असतो," तो म्हणाला. "ज्याला जाणं जमत नाही, त्याच्या नावाने दुसरा जातो. अम्मीच्या नावाने मी केला. तुमच्यात नाही का तसं काही?"

"आहे ना. आजारी माणसाच्या नावाने दुसरं कुणी चालतं." सुबोध भिंतीशीच बोलत होता. "पण शिक्षा दुसऱ्याने भोगून फिटत नाही, बदरुद्दीन."

बदरुद्दीन उठून गेला. ड्यूटी संपवून आलेली क्षमा कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सप्टेंबरात मी जाते," ती म्हणाली.

"माझ्या नावाने? नको." सहा वर्षांत पहिल्यांदाच सुबोधचा आवाज चढला. "बाईक मी घेऊन दिली. तू तर नको म्हणत होतीस. तू का म्हणून चालायचं?"

क्षमाने उठून दार लोटून घेतलं. परत येऊन ती पलंगाच्या कडेला बसली, त्याच्याकडे पाठ करून.

"तुझ्या नावाने नाही रे," ती म्हणाली. "तो पडला ना, तेव्हा फोनवर माझ्याशी बोलत होता."