आरशामागचा डाग

“बॅटरी फुल आहे ना, भारतभाऊ?” वहाबनं कॅमेरा हातात फिरवत विचारलं. “साफ करताना मधेच उतरली तर आरसा खाडकन खाली येतो. मग तुमचा कॅमेरा गया और मेरी इज्जत भी.”

“सकाळीच भरून आणलीय.”

गुलमंडीतल्या त्या जिन्याखालच्या कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात दोघं बसले की तिसऱ्यानं उभंच राहायचं. भारत फुलंब्रीहून मुद्दाम आला होता. आला होता म्हणजे, बायकोनं, रत्नमालानं, पाठवला होता. कहकशाच्या लग्नाची पत्रिका आल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता.

“रविवारी लग्न आहे. तुम्ही कॅमेरा घेऊन गेलंच पाहिजे. पोरगी एवढीशी होती तेव्हापासून तिला सांगत आलात, तुझे फोटो मीच काढणार म्हणून.”

सांगत आला होता, खरं. पण तेव्हा कहकशाचा बाप, जुनेद, त्याच्याकडं कामाला होता. एक ना दोन, अकरा वर्षं. लग्नात दिवे धरायचा, बॅग सांभाळायचा. भारतची आई गेली तेव्हा तेरा दिवस स्टुडिओची किल्लीसुद्धा त्याच्याकडंच होती.

मग वैजापूरचं ते लग्न आलं. आईनंतरचं पहिलंच काम. कॅमेऱ्यातून बघताना सगळं लख्ख दिसत होतं. घरी येऊन संगणकावर फोटो उघडले, तर एकेका फोटोत वरच्या बाजूला तेच काळपट डाग. अंतरपाट धरलेला, त्यावर डाग. नवरीच्या कपाळावर डाग. नवरीचे वडील स्टुडिओत येऊन नाही नाही ते बोलून गेले.

त्यांच्यासमोरच भारतनं विचारलं होतं, “बॅग कुणाकडं होती, जुनेद?”

“माझ्याकडं, भाऊ.”

“मग आत घाण गेली कशी?”

जुनेद बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. मग मान खाली घालून म्हणाला, “गलती मेरीच आहे, भाऊ.”

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. भारतनंही बोलावलं नाही. उलट भेटेल त्या फोटोग्राफरला सांगत सुटला, त्या माणसाला कॅमेऱ्याजवळ फिरकू देऊ नका. आणि कॅमेरा कपाटात टाकून दिला.

वहाबनं लेन्स काढून बाजूला ठेवली.

“हे बघा. हा आरसा. डोळा लावून तुम्ही बघता ते ह्याच्यातून. ह्याच्यावर कचरा बसला तर तुम्हाला दिसेल, पण फोटोत यायचा नाही. ह्याच्या मागं सेन्सर, फोटो उमटतो ती काच. त्याच्यावर बसला तर फोटोत येईल, पण डोळा लावून कितीही बघा, दिसणार नाही.”

“म्हणजे मला कळायचं कसं?”

“नाहीच कळत. फोटो काढून झाल्यावर कळतं.” वहाब हसला. “आणि फोटोत डाग वर दिसला की तो सेन्सरवर खाली असतो. तिथं सगळं उलटं.”

त्यानं बटणं दाबून आरसा वर उचलून धरला. रबरी फुग्यानं हवा मारली. मग चपट्या काडीच्या टोकाला दोन थेंब औषध टाकून सेन्सरवरून एकदाच, श्वास रोखून फिरवली. काडी बाहेर काढून उजेडात धरली.

काडीचं टोक गुलाबी झालं होतं.

“ही धूळ नाय, भाऊ.” त्यानं आरसा खाली सोडला आणि टॉर्चचा उजेड आत मारला. आरशाच्या वर, चौकटीच्या कडेला, बोटाचा लालसर ठसा होता. “कुंकू है. कुणीतरी लेन्स काढून आत टिळा लावलाय. आरसा दर फोटोला वर उडतो ना? तशी भुकटी थोडी थोडी मागं गेली.”

भारतला एकदम दरवर्षीचा खंडेनवमीचा पाट दिसला. झेंडूची फुलं, मधोमध कॅमेरा, आणि समोर रत्नमाला. उपासतापास, व्रतं, काही चुकवायची नाही ती. तिच्याशिवाय कॅमेऱ्याला कुंकू लावणार कोण? आणि जुनेदला हे माहीत असणार. वहिनीचं नाव पुढं येऊ नये म्हणून त्यानं सगळं स्वतःवर घेतलं असणार.

“सध्या कुठं असतो जुनेद?” त्यानं विचारलं.

“फरशीच्या गोदामात. ओझी उचलतो. फोटोवाल्यांनी कामच दिलं नाय त्याला.” वहाबनं वर बघितलं नाही. “कुणी दिलं असतं? तुम्हीच सांगत फिरला होता.”

“लई मोठं पाप झालं, वहाबभाई. रविवारी जातो. भर मांडवात हात जोडून सांगतो, जुनेदची काही म्हणजे काही चूक नव्हती.”

दुकानाबाहेर पायरीवर येऊन त्यानं रत्नमालाला फोन लावला. रागवायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं.

“गेल्या खंडेनवमीला कॅमेऱ्याच्या आत कुंकू लावलं होतंस का गं तू?”

“मी?” ती दचकलीच. “अहो, असं काय करता? गेल्या नवमीला सासूबाईंचा सातवा दिवस होता. सुतकात मी पूजेच्या कुंकवाला हात लावीन का?”

“मग कुणी लावलं?”

मग ती हळूच म्हणाली, “रागावू नका. ज्याच्यावर घर चालतं ती वस्तू वर्षाच्या सणाला पूजेविना तशीच राहणार, माझा जीव राहिना. म्हणून जुनेदभावजींना फोन केला. म्हटलं, आमच्या घरचे असून सुतक नसलेले तुम्ही एकटेच. यांना सांगू नका, पण कॅमेऱ्याच्या तोंडाला बोटभर कुंकू तेवढं लावा. तर म्हणाले, वहिनी, त्याचं तोंड लेन्सच्या मागं असतं, वजू करून, हात-तोंड धुऊन उघडतो आणि माझ्या हातानं लावतो.”