काचांची पेटी

“उघड पेटी,” शिपाई म्हणाला.

नवलनं डोक्यावरची पेटी खाली घेतली नाही. दोन्ही हात तसेच वर धरून तो उभा राहिला. नंदुरबारच्या वेशीबाहेर प्लेगचा नाका होता. स्टेशनाकडे निघालेली माणसं रांगेत उभी होती. शिपाई एकेकाचं गाठोडं सोडत होते आणि कपडे, अंथरूण, सगळं भर उन्हात पसरत होते. चार तास ऊन लागल्याशिवाय काहीच पुढं जात नव्हतं.

“ऐकू येत नाही का? उघड!”

“उजेड लागना ते मरी जाई, साहेब.”

“कोण मरेल?”

“मन्ही पोर. पेटीमा शे ती.”

शिपाई दोन पावलं मागं सरला. रांगेतल्या एका बाईनं पदर नाकाला लावला. तिच्यामागची सगळी रांगच हटली. कुणीतरी डॉक्टरांना बोलवायला धावलं.

डॉक्टर आले, तेव्हा नवलनं त्यांना अडखळत सगळं सांगितलं. थंडीत विलायतेहून एक मडम तापीकाठची देवळं बघायला आली होती. पंधरा दिवस तिच्या कॅमेऱ्याचं सामान नवलनंच वाहिलं. पेटीत फोटोच्या काचा होत्या. बैलगाडीचे धक्के त्यांना सोसत नव्हते, म्हणून पेटी डोक्यावरूनच न्यायची. निघायच्या आदल्या दिवशी मडमनं नवलच्या ओट्यावर त्याच्या घरच्यांचा फोटो काढला. दुसऱ्या सकाळी गावात उंदीर मरून पडले. तिला घाईघाईनं टांग्यात बसवून मुंबईकडे पाठवलं गेलं. पेटी मागं राहिली. “ही सुरतेच्या चुनीलाल फोटोवाल्याला दे,” तिनं जाताना दुभाष्याकरवी सांगितलं. “तो काचा धुईल. तोवर उघडायची नाही. उजेड लागला की चित्र गेलं.”

आठ दिवसांनी नवलच्या पोरीच्या, जमनीच्या जांघेत गाठ आली. पाच वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. रोग या पेटीनंच आणला, तापीत फेका ती, असं गाव म्हणू लागलं. नवलच्या बायकोनं, भिकुबाईनं, पेटी ज्वारीच्या कणगीत पुरली आणि महिनाभर कणगीला पाठ लावून बसली. पोरीचं दुसरं चित्र कुठंच नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“तू धडधाकट आहेस. पेटी उघडलीस तर संध्याकाळच्या गाडीनं जाशील. नाही उघडलीस तर पेटीसकट दहा दिवस छावणीत. नियमच आहे. तिथं रोज माणसं मरतायत रे. एका फोटोसाठी?”

“पेटी मन्हापाशीच ऱ्हाई ना?” नवलनं विचारलं.

छावणी म्हणजे तट्ट्यांच्या झोपड्यांची एक ओळ. सगळीकडे चुन्याचा आणि फिनेलचा वास. पहिल्या दिवशी नवलच्या झोपडीत सहा जण होते. पाचव्या दिवशी तिघं उरले. बाहेर नेलेल्यांची अंथरुणं दारासमोरच जाळायचे. रोज सकाळी डॉक्टर येऊन काखा आणि जांघा चाचपून जात. नवल पेटीवर घोंगडी टाकून, तट्ट्याच्या फटींकडे पाठ करून बसायचा.

सातव्या दिवशी दुपारी त्याला थंडी वाजून ताप भरला. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं अंथरूण ओढत पार कोपऱ्यात नेलं. नवल सरपटत दाराशी आला.

“भाऊ, पेटीवर सुरत लिखी दे,” तो पहारेकऱ्याला म्हणाला. “उघडू नका, असंबी लिख.”

पहारेकऱ्यानं लांबूनच हात हलवला आणि तो दुसरीकडं निघून गेला. नवलनं पेटी कवटाळली आणि तो तसाच पडून राहिला. मधूनमधून तो जांघेवर हात फिरवायचा, पुन्हा काढून घ्यायचा.

ताप हिवाचा निघाला. गाठ आली नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पेटी बाहेरून औषधानं पुसून घेतली. मग शिपायाला बाजूला करून त्यांनी स्वतःच ती उचलली आणि नवलच्या डोक्यावर दिली.

सुरतेला चुनीलालनं लाल दिव्याच्या खोलीत काचा धुतल्या, चित्रं कागदावर उतरवली. देवळं झकास आली होती. घाटाची पायरीन् पायरी मोजता येत होती. ओट्याचा फोटो मात्र त्यानं सगळ्यात शेवटी हातात दिला. भिकुबाई होती, तिच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता. नवलची आई होती. दोघींच्या मधोमध, जमनीच्या जागी, धुरासारखा एक पांढरा फराटा होता. त्याला तोंड नव्हतं.

“छोकरी हलली, भाई,” चुनीलाल हळूच म्हणाला. “सावलीतला फोटो. चार आकडे मोजून होईपर्यंत दगडासारखं राहावं लागतं.”

नवल परत निघाला. तापी ओलांडताना त्यानं नावेत तो कागद बाहेर काढला, पाण्यावर धरला, आणि पुन्हा सदऱ्यात घातला. भिकुबाईला काय सांगायचं, ते त्याला घर येईस्तोवर सुचलं नाही.

ती दारातच उभी होती. त्याच्या हाडकुळ्या तोंडाकडं तिनं एकदा पाहिलं, हात पदराला पुसले आणि पुढं केले. नवलनं कागद दिला.

“तोंड उनं नही फोटोमा,” तो खाली बघत म्हणाला.

भिकुबाई उंबऱ्यावर बसली. कितीतरी वेळ ती कागदाकडं बघत होती. मग त्या पांढऱ्या फराट्यावरून तिनं बोट फिरवलं, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं. हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले.

“तीच शे,” ती म्हणाली. “कधय हुबी ऱ्हायनी का ती एक जागावर?”