विंगेतली घंटी

विंगेत बसलेल्या आबांनी बटण दाबलं की रंगमंचावरचा मुका फोन वाजायचा. नायिकेने रिसीव्हर उचलला की बोट काढायचं. आज लेक बाळंतपणात अडलेली, मोबाइल नियमाप्रमाणे पलीकडे मेकअपरूममध्ये, आणि आबांचा जीव पाण्याबाहेरच्या मासोळीगत तडफडत होता.

नायिका मेकअपरूममधून धावतच रंगमंचावर आली. आबांनी घंटी वाजवली. रिसीव्हर उचलून "राँग नंबर" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, एवढंच नाटकात होतं.

"कोण, जावईबापू?" ती विंगेकडे बघत म्हणाली. "मुलगी झाली? दोघी सुखरूप? सांगते हो आबांना, आधी डोळे पुसा म्हणावं!"

रिसीव्हर तिच्या कानालाच होता, तरी फोन पुन्हा खणखणू लागला आणि काही केल्या थांबेना.