लवंग

बाबा गावाहून मेक्सिको सिटीत आले, की आमच्या वाहाका प्रांताचा मोले, म्हणजे भाजक्या मिरच्यांचा काळा रस्सा, मिळणारी नवी खाणावळ मला हुडकावीच लागते. आजच्या मालकीणबाई तर आमच्या शेजारच्याच गावच्या निघाल्या.

बाबांनी एक घास खाल्ला. "बाई, चव आहे हो तुमच्या हाताला! अगदी माझ्या आईसारखा झालाय," म्हणाले आणि टोपी उचलून उठलेच.

"अहो, मग पोटभर जेवा की! काय कमी पडलं?"

"लवंग," बाबा पुटपुटले.




लवंग नेहमी जास्त घालते म्हणून बाबांनी जिच्यासमोर ताट भिरकावलं, ती माझी बहीण नेरेइदा याच शहरात कुठल्याशा खाणावळीत रांधते, एवढंच आम्हाला ठाऊक आहे.