उभं राहायची नोकरी

कापडाच्या दुकानात बसायचं ते फक्त गिऱ्हाइकांनी. विक्रेत्या बायकांनी दिवसभर उभंच राहायचं. थोरली विक्रेती घरी येऊन पाय चोळत नवऱ्याला रोज सांगायची, "तिथं काही बदलायचं नाही."

आज पोटुशी असलेल्या नव्या विक्रेतीला घेरी आली. थोरलीने तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. मालकाने खुर्ची काढून घेतली, तशी थोरली तिला घेऊन जमिनीवरच बसली. बघता बघता सगळ्याच बसल्या.

संध्याकाळी घरी थोरली शिवणयंत्रावर छोट्या चौकोनी गाद्या शिवताना दिसली. नवऱ्याने विचारलं, "खुर्च्या मिळाल्या वाटतं?"

"छे. कामावर ठेवायचं की नाही ते उद्या बघतो म्हणालाय."

"मग या गाद्या कशाला?"

"खुर्च्यांना," दाताने दोरा तोडत ती म्हणाली. "आल्यावर शिवायला वेळ कुठला मिळायला?"