अठरा किलोची मुलगी

गारखेड्यातल्या रामकिसन सरांच्या क्लासमध्ये युनिट चुकलं की मार्क गेलाच. सगळ्या गणितांतले आकडे सर दरवर्षी बदलतात, हे एक सोडून: 'जत्रेतला चक्री पाळणा चार मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, चार सेकंदांत एक फेरी. अठरा किलोची मुलगी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून वडिलांनी तिला किती बळानं धरावं?'

माझं उत्तर आलं एकशे अठ्ठ्याहत्तर न्यूटन. साकिबनं न्यूटनच्या जागी किलो लिहिलं, तरी सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. माझं डोकंच फिरलं.

"सर, त्याचं दहापट चुकलंय! एकशे अठ्ठ्याहत्तर न्यूटन म्हणजे जेमतेम अठरा किलोचं ओझं. एवढं तर कुणीबी बाप धरून ठेवील."

सरांनी खडू खाली ठेवला. फळ्याच्या वर त्यांच्या लेकीचा फ्रॉकमधला फोटो आहे, हार घातलेला. त्याच्याकडं बघत ते हळूच म्हणाले,



"असू दे, आफरीन. किलो असतं, तर कुठल्याच बापाच्यानं धरवलं नसतं."