खालच्या शेजाऱ्याची संमती

प्रेशर वॉशिंगच्या धंद्याचे सगळे कागद धाकट्याने जमवले होते. गाड्या धुतलेलं पाणी उताराने वाहणार, म्हणून खालच्या शेजाऱ्याचं संमतीपत्र तेवढं अडलं होतं. आणि खाली थोरल्या भावाची रोपवाटिका. “पाण्यात काय घालतोस रे?” झारीने रोपं शिंपत थोरल्याने विचारलं. “साबण,” धाकटा पुटपुटला. “तू म्हणतोस ना, मग झालं!” चिखलाचा हात सदऱ्याला पुसून थोरल्याने न वाचताच सही ठोकली. “आता तरी मार्गाला लाग.” कागद हाती आला, पण धाकट्याचा पाय निघेना. “दादा, गंज काढायला ॲसिडही लागतं.” थोरल्याने पुन्हा उचललेली झारी थबकली. “आधी का नाही बोललास?” “तू सही दिली नसतीस.” “नसतीच दिली!” धाकट्याने कागद पुढे केला. थोरल्याने सही खोडून कुदळ त्याच्यापुढे टाकली. “वर या पाण्यासाठी टाकी खण. थेंब खाली आला नाही, तर नवा कागद आण.”